घर कशानं बसतं? ग्रामीण कुटुंबांच्या आर्थिक असुरक्षिततेबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दरवर्षी कुटुंब-पाहणीसाठी नवी मुलंमुली येतात. कुणी समाजकार्याचे विद्यार्थी, कुणी बचत गटाच्या ताई, कुणी नुसतेच उत्साही. पहिल्या आठवड्यात सगळे साधारण तेच प्रश्न विचारतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. मी ही पाहणी मुख्यतः बीड जिल्ह्यातल्या बालाघाटच्या डोंगरपट्ट्यात आणि थोडीफार सोलापूर भागात केली आहे. त्यामुळे उदाहरणं कोरडवाहू गावांची आहेत. कोकणातल्या किंवा कालव्याखालच्या गावाला ती जशीच्या तशी बसणार नाहीत.

गरीब घर आणि असुरक्षित घर यात फरक काय?

दोन घरं घ्या. पहिल्याकडे तीन एकर कोरडवाहू, दोन बैल, एक म्हैस. नवराबायको, शाळेत जाणारी दोन मुलं, एक म्हातारी. सोयाबीन बरं आलं, दूध डेअरीला जातं, किराणा दुकानाची उधारी दिवाळीला मिटते. दुसरं घर भूमिहीन, पण थोरला मुलगा पुण्याकडे कारखान्यात कायम नोकरीला आणि महिन्याच्या महिन्याला पैसे पाठवणारा. आज खर्च मोजला तर दोन्ही घरं सारखीच निघतील. कदाचित पहिलंच थोडं वरचढ दिसेल.

आता दोन्हीकडे कर्त्या माणसाचा पाय मोडला असं धरा. प्लेट घालावी लागली. पहिल्या घरात पेरणीच्या तोंडावर बैलजोडी बाजारात जाईल. दुसऱ्या घरातही ओढाताण होईल, पण मुलाचा पुढच्या महिन्याचा पगार यायचा तो येईल.

गरिबी म्हणजे आज काय आहे याची मोजणी. असुरक्षितता म्हणजे येत्या वर्षा-दोन वर्षांत घर खाली घसरण्याची शक्यता. अर्थशास्त्रातले लोक ती आकड्यात मांडतात: घराचा खर्च सरासरी किती, तो वर्षागणिक किती वरखाली होतो, आणि त्यावरून दारिद्र्यरेषेखाली जाण्याची संभाव्यता किती. ती निम्म्याहून जास्त निघाली की घर असुरक्षित धरायचं, असा एक प्रचलित मापदंड आहे. आमच्याकडच्या एका मावशींनी हेच एका दमात सांगितलं होतं: "खाऊनपिऊन सुखी हाय बघा. फक्त दवाखाना लागाया नको."

पण त्यासाठी दारिद्र्यरेषा आहेच की?

रेषा आहे, आणि तिचं मराठी मुलखाशी जुनं नातंही आहे. १९७१ साली पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतल्या वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी माणशी रोज २,२५० कॅलरी मिळायला किती खर्च लागतो यावरून हिशोब मांडला. १९६०-६१ च्या किमतींना ग्रामीण भागात माणशी महिना १५ रुपये आणि शहरात साडेबावीस रुपये. पुढे २००९ मध्ये सुरेश तेंडुलकर समितीने अन्नाबरोबर शिक्षण, आरोग्य, कपडेही धरून नवी पद्धत दिली. तिच्यानुसार २०११-१२ साठी देशाची ग्रामीण रेषा माणशी महिना ८१६ रुपये होती आणि ग्रामीण भारतातले २५.७ टक्के लोक तिच्याखाली होते.

८१६ म्हणजे पाच माणसांच्या घराला महिन्याला ४,०८०. मग ४,२०० खर्च करणारं घर? रेषेच्या वर. कागदोपत्री बिगर-गरीब. त्या घरात एकदा डेंग्यूची सलाईन लागली की काय होतं ते रेषा सांगत नाही, आणि तिच्याकडून ती अपेक्षाही नाही. गोंधळ होतो तो आपण रेषेच्या वरच्या सगळ्यांना एकाच पिशवीत भरतो तेव्हा.

घर नेमकं कशानं बसतं?

पाऊस, असं उत्तर सगळे देतात. मीही देत होतो. पण घरोघरी बसून मागच्या पंधरा वर्षांची गोष्ट विचारली की दुसरंच वर येतं. अनिरुद्ध कृष्णा या अभ्यासकाने राजस्थानातल्या ३५ गावांत, नंतर गुजरात आणि आंध्रातही, लोकांनाच विचारलं: कोणती घरं वर आली, कोणती खाली गेली, कशामुळे? खाली गेलेल्या घरांच्या कहाण्यांत पुन्हा पुन्हा तीन गोष्टी आल्या. आजारपण आणि त्याचा खर्च, लग्नं आणि मृत्यूनंतरचे विधी, आणि चढ्या व्याजाचं खासगी कर्ज. आणखी एक लक्षात घ्या. त्याच गावांत त्याच काळात काही घरं गरिबीतून वर आली आणि काही नव्याने आत गेली. म्हणजे गरिबांची यादी ही स्थिर माणसांची यादी नसते. एका दारानं माणसं बाहेर पडतात, दुसऱ्या दारानं आत येतात, आणि आपण दहा वर्षांनी आकडा थोडा कमी झाला म्हणून खूश होतो.

आमच्या भागात या यादीत बोअर घालावा लागेल. दोनशे फुटांवर पाणी लागलं नाही, चारशेवर गेला, तिथेही धूळ. गाडीवाल्याचे पैसे फुटांवर असतात, पाण्यावर नाही. एका घरात लागोपाठ तीन कोरडे बोअर झाले. चौथा घेऊ का, असं त्यांनी मलाच विचारलं. मी काय सांगणार?

एकच संकट बहुतेक घरं पचवतात. घर बसतं ते संकटांच्या रांगेनं: बापाचं आजारपण, त्यात उचललेलं कर्ज, त्याच वर्षी सोयाबीनला पावसाचा खंड, आणि ठरलेलं लग्न पुढं ढकलता येत नाही.

दुष्काळ मोठा शत्रू की आजारपण?

दोन्ही वेगळ्या जातीचे शत्रू आहेत. आजारपण एका घरावर येतं, तेव्हा भावकी, शेजारी, सोयरे हात देऊ शकतात. दुष्काळ सगळ्यांवर एकदम येतो, तेव्हा ज्याच्याकडे मागायचं तोही टँकरच्या रांगेत उभा असतो.

याबद्दल आपल्याच मातीतला पुरावा आहे. हैदराबादजवळच्या पाटणचेरूची इक्रिसॅट ही कोरडवाहू शेतीची संशोधन संस्था. तिने १९७५ पासून काही गावांत तीच ती घरं धरून वर्षानुवर्षे नोंदी ठेवल्या. सोलापूर जिल्ह्यातली शिरापूर आणि कळमण, अकोला जिल्ह्यातली दोन आणि तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या महबूबनगर जिल्ह्यातली दोन अशी ती सुरुवातीची सहा गावं. प्रत्येक गावातली चाळीस घरं, त्यांत भूमिहीनही आणि मोठे शेतकरीही. जगभरच्या अर्थशास्त्र विभागांत शिरापूरचं नाव माहीत असतं, ही गोष्ट शिरापूरकरांना कितपत माहीत आहे कोण जाणे.

रॉबर्ट टाउनसेंड यांनी १९९४ मध्ये यातल्या तीन गावांच्या नोंदी तपासल्या. एखाद्या घराचं स्वतःचं उत्पन्न घसरलं तरी त्याचं खाणंपिणं त्या मानानं फार घसरत नव्हतं. ते गावाच्या सरासरीबरोबर हलत होतं. म्हणजे गाव आपल्या माणसाला बऱ्यापैकी सावरून धरतं. मात्र गावच घसरलं की सगळे घसरतात. आणि तीनपैकी एका गावात भूमिहीनांना हा आधार इतरांपेक्षा कमी मिळत होता. मला या शेवटच्या वाक्याचं आश्चर्य वाटलं नाही. उसनं मागायलाही पत लागते.

संकट आल्यावर घरातून काय आधी जातं?

हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. यासाठी फॉर्म बाजूला ठेवा आणि घर बघा.

पहिला बदल चुलीपाशी होतो. आमटी पातळ होते. दूध डेअरीला जातं आणि घरात कोरा चहा. पाहुण्याला म्हणून तुम्हाला दुधाचा मिळेल. तिथं बसलेल्या पोराच्या कपात बघा. मग दुकानाची उधारी वाढते, मोबाईलचं रिचार्ज थांबतं, म्हाताऱ्या माणसाच्या बीपीच्या गोळ्या "संपल्यात, आणायच्यात" अशा महिनाभर संपलेल्याच राहतात. या टप्प्यावर घर अजून काही विकत नाही, नुसतं आवळून घेतं.

दुसऱ्या टप्प्यात शेळ्या, कोंबड्या, बोकड जातात. हे नुकसान भरून निघणारं असतं. शेळी दोन वर्षांत पुन्हा होते, लोक तिला पाळतातच त्यासाठी. मग सोनं. आधी गहाण, नंतर मोड. आष्टीकडच्या एका घरात ताई बोलताना सारखा पदर गळ्यापाशी ओढत होत्या. उठताना पदर सरकला, तेव्हा दिसलं: काळ्या मण्यांची पोत होती, मधली सोन्याची डोरली नव्हती. त्यांच्या फॉर्मवर "दागिने गहाण: नाही" असं मी पाच मिनिटांपूर्वी लिहिलं होतं. ते खोडलं नाही. समासात एक खूण केली.

तिसरा टप्पा दावणीचा. म्हैस, मग बैल. इथून पुढचा मार्ग परतीचा नसतो, कारण आता घर कमाईचं साधन विकायला लागलं. इक्रिसॅटच्या त्याच गावांच्या नोंदींवरून मार्क रोझेन्झवाइग आणि केनेथ वोल्पिन यांनी १९९३ मध्ये दाखवलं की वाईट वर्षी शेतकरी खाण्याची तोंडमिळवणी करायला बैल विकतात, आणि मग पुढच्या हंगामात शेतीला पुरेसे बैल त्यांच्याकडे नसतात. आता ट्रॅक्टर आले, बैल कमी झाले, हे खरं. पण बैल नसलेल्याला पेरणीच्या वाफशावर ट्रॅक्टर भाड्यानं लागतो, आणि त्या चार दिवसांत तो सगळ्यांनाच लागतो. रोख देणाऱ्याचा नंबर आधी.

चौथ्या टप्प्यात पोरांची शाळा. एकदम कुणी नाव काढत नाही. आधी कापूस वेचणीला आठ दिवस खाडा, मग पंधरा, मग "त्याला शाळेत गोडीच नाही". इक्रिसॅटच्याच गावांतल्या नोंदींत हेही सापडलं होतं: उत्पन्न अचानक घसरलं की मुलांची हजेरी घसरते. मुलीचं लग्न लवकर उरकणं याच टप्प्यातलं.

शेवटी जमीन. आधी बटईनं देतात, मग गहाण, मग विक्री. आमच्याकडे गहाणवट बऱ्याचदा खरेदीखत करूनच होते. "पैसे दिले की परत नावावर करून देतो" हा शब्द तोंडी असतो आणि दस्तावर मात्र पक्की विक्री. शब्द देणारा वारला की पोरं दस्त दाखवतात.

मग पाहणीत फक्त उत्पन्न विचारून भागत नाही?

नाही भागत. उत्पन्न कुणालाच नीट सांगता येत नाही, मलाही माझं सांगता येणार नाही. मागच्या तीन वर्षांत काय विकलं, कशासाठी विकलं आणि ते परत घेतलं का, हे तीन प्रश्न विचारा. मोकळा खुंटा, त्याला अजून बांधलेलं दावं, आणि गोठ्यात रचून ठेवलेल्या गवऱ्यांऐवजी सरपण दिसलं की तो प्रश्न कुठून सुरू करायचा ते कळतं.

ज्याच्याकडे जमीन आहे तो तरी सुरक्षित असेल ना?

पूर्वी बहुधा असायचा. महाराष्ट्रात १९७०-७१ मध्ये सरासरी वहिवाट (एका खातेदाराकडची कसायची जमीन) ४.२८ हेक्टर होती; २०१५-१६ ची कृषी गणना झाली तोवर ती १.३४ हेक्टरवर आली होती. वाटण्या झाल्या, पोटहिस्से पडले, बांध वाढले.

आणि शेतकरी घर शेतीवर जगतं हेही आता अर्धंच खरं आहे. २०१८-१९ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत देशातल्या शेतकरी कुटुंबाचं सरासरी मासिक उत्पन्न १०,२१८ रुपये निघालं. त्यात पिकातून आलेले ३,७९८ आणि मजुरी-पगारातून आलेले ४,०६३. शेतकऱ्याच्या घरात मजुरीचा वाटा पिकापेक्षा मोठा! त्याच पाहणीत निम्म्याहून थोड्या जास्त, ५०.२ टक्के, शेतकरी घरांवर कर्ज होतं आणि सरासरी कर्ज ७४,१२१ रुपये.

तेव्हा सातबारा बघून "हे घर बरं आहे" असा शेरा मारू नका. जमीन असलेल्या घराची एक वेगळीच अडचण असते: मजुरीला जायची लाज. भूमिहीन माणूस पहिल्या दिवशी कामावर जातो. तीन एकरवाला आधी शेळी विकतो, मग सोनं गहाण टाकतो, आणि तिसऱ्या महिन्यात शेजारच्या तालुक्यात, जिथं ओळखत नाहीत तिथं, मजुरीला जातो.

गरीब शेतकरी नवं काही करायला घाबरतात, म्हणून मागे राहतात. हे खरं का?

घाबरतात हे खरं, आणि त्यांचं घाबरणं हिशोबाचं असतं. ज्याच्याकडे पाठीशी काही नाही तो ज्वारी-तुरीचं मिश्र पीक घेतो, रान दोन-तीन ठिकाणी विखुरलेलं असलं तरी चालवून घेतो, खताचा पूर्ण डोस टाकत नाही. उत्पन्न कमी, पण शून्य होत नाही. इक्रिसॅटच्या नोंदींवरचाच आणखी एक अभ्यास आहे, रोझेन्झवाइग आणि हान्स बिन्सवांगर यांचा. पाऊस जितका बेभरवशाचा, तितकी गरीब घरं कमी जोखमीची आणि कमी नफ्याची मांडणी निवडतात. श्रीमंत घरांना तसं करावं लागत नाही. म्हणजे संकट आलंच नाही त्या वर्षीही गरीब घर संकटाची किंमत मोजत असतं. कृषी मेळाव्यात "प्रगतिशील व्हा" म्हणून सांगणाऱ्या पाहुण्यांना हा अभ्यास कुणीतरी वाचायला द्यावा.

नातेवाईक मदत करत नाहीत का?

करतात, आणि ती मदत कुठल्याही योजनेपेक्षा लवकर पोचते. रात्री साडेअकराला दवाखान्यात अनामत मागितली की मेव्हणाच उभा राहतो.

लांबच्या सोयरिकीचं एक गमतीशीर संशोधन आहे. इक्रिसॅटच्याच गावांतल्या लग्नांचा अभ्यास करून रोझेन्झवाइग आणि ओडेड स्टार्क यांनी १९८९ मध्ये दाखवलं की ज्या घरांची शेती जास्त बेभरवशाची, ती लेकी लांब देतात. लांबच्या गावाचा पाऊस वेगळा असतो. इकडे करपलं तरी तिकडे पिकलेलं असू शकतं. आपल्या आज्यांना हे कुणी शिकवलं नव्हतं. एका आजींना मी विचारलं की लेक इतक्या लांब, गंगथडीला म्हणजे गोदाकाठाला का दिली. त्या म्हणाल्या, "आरं लेकरा, तिकडं पाणी हाय. बहात्तरला तिच्या आत्याकडनंच दाणं आलं हुतं."

पण नात्यांनाही तळ असतो. दुसऱ्यांदा मागायला गेलं की चहा मिळतो, पैसे मिळत नाहीत. शिवाय सगळे नातेवाईक एकाच धंद्यात, एकाच पावसावर असले तर लांबची सोयरीकही उपयोगी पडत नाही.

ऊसतोडीची उचल ही मदत समजायची की कर्ज?

फॉर्ममध्ये कर्ज लिहा. कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी. मुकादम, म्हणजे मजुरांची टोळी नेणारा ठेकेदार, दसऱ्याच्या आधी जोडीला उचल, म्हणजे आगाऊ रक्कम देतो, ती घेऊन माणसं पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात जातात आणि गुढीपाडव्याच्या सुमाराला परततात. तोडलेल्या टनांवर मजुरी ठरते आणि ती उचलीतून वळती होते. आजारपणाने खाडा पडला तर तोही अंगावर. हंगाम संपताना उचल फिटली नाही तर बाकी पुढच्या वर्षावर जाते, म्हणजे पुढच्या वर्षी त्याच मुकादमाकडे जाणं आलं.

तरीही लोक उचल का घेतात? कारण एवढी रक्कम, इतक्या लवकर, तारण न ठेवता दुसरं कुणी देत नाही. मुलीचं लग्न, घराचा स्लॅब, बापाचं ऑपरेशन बहुतेक उचलीवर होतं. आपलं पुढच्या सहा महिन्यांचं शरीरच तारण असतं. बीडमध्ये ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये विधिमंडळापर्यंत गेला, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाळीच्या त्रासानं खाडा पडू नये हा हिशोब त्या शस्त्रक्रियांच्या मागे किती होता, ते त्या बायकांशी बोलल्याशिवाय कळत नाही. आणि हा प्रश्न पुरुष पाहणी करणाऱ्याने विचारू नये. आपल्या गटातल्या ताईंना पाठवा.

‘शेकडा तीन’ म्हणजे नेमकं किती व्याज?

शंभराला महिन्याला तीन रुपये, म्हणजे वर्षाला छत्तीस टक्के. शहरातली मुलं हे वर्षाचं समजतात आणि फॉर्ममध्ये "व्याजदर ३%" लिहून येतात. दरवर्षी.

पन्नास हजार शेकडा तीननं घेतले की नुसतं व्याज महिन्याला १,५००. संजय गांधी निराधार योजनेत विधवेला मिळणारी रक्कमही महिन्याला १,५००. एका घरात मी ही दोन्ही देवाणघेवाण एकाच दिवशी बघितली आहे: सकाळी तालुक्याला जाऊन काढलेले पैसे संध्याकाळी तिसऱ्या गल्लीत पोचते झाले.

महाराष्ट्रात २०१४ चा सावकारी नियमन कायदा आहे. बेकायदा सावकारीत हडपलेली जमीन पंधरा वर्षांपर्यंत मागे जाऊन परत मिळवण्याची तरतूद त्यात आहे. तक्रार सहकार खात्याच्या निबंधकाकडे करायची. पण तक्रारीला पुरावा लागतो आणि गावात राहायचंही असतं. बचत गट (१९७५ मध्ये स्थापन झालेल्या महिला आर्थिक विकास महामंडळाचे म्हणजे माविमचे, आणि २०११ पासूनच्या राज्य ग्रामीण जीवनोन्नती अभियानाचे म्हणजे उमेदचे) इथं खरोखर कामाला येतात, विशेषतः पाच-दहा हजारांच्या गरजेला. खासगी मायक्रोफायनान्सचा हप्ता मात्र ठरल्या दिवशी भरावाच लागतो आणि एकीचा चुकला की बाकीच्या तिच्या दारात बसतात. एका घरात किती हप्ते चालू आहेत ते वेगळं विचारा. मी पाचपर्यंत मोजले आहेत. आणि सोसायटीचं पीककर्ज "भरलं" म्हणाले तर विचारा, की नवं-जुनं केलं? दोन दिवसांसाठी सावकाराकडून घेऊन भरलं, नवं उचललं, सावकाराला दिलं. बँकेच्या नोंदीत ते घर नियमित कर्जदार असतं.

इतक्या योजना असताना घर बसतंच कसं?

योजनांमुळे पुष्कळ घरं वाचतात, हे आधी सांगतो. रेशनचं धान्य (अन्नसुरक्षा कायद्यानं माणशी पाच किलो, अंत्योदयला घराला पस्तीस किलो) नसतं तर कोरोनाच्या काळात काय झालं असतं याची कल्पना करवत नाही. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडून आणि सुकडी-मिलो खाऊन तगलेल्या पिढीनं रोजगार हमीचं महत्त्व अनुभवलं होतं. वि. स. पागे यांच्या पुढाकारातून ती योजना आली, १९७७ मध्ये कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. केंद्राचा कायदा त्यानंतर पाव शतकानं, २००५ मध्ये आला.

अडचण फटींमध्ये आहे. प्रत्येक योजनेची एक फट असते आणि घर नेमकं तिच्यातूनच घसरतं. महात्मा फुले जन आरोग्य योजना दाखल झाल्यावर, अंगीकृत रुग्णालयात, यादीतल्या उपचारांना चालते. पण त्याआधीच्या तपासण्या, गावच्या डॉक्टरकडचा आठवडा, रात्रीची जीप आणि सोबत बसलेल्या माणसाची बुडालेली मजुरी घराच्याच डोक्यावर. पीकविमा महसूल मंडळाच्या सरासरीवर चालतो. मंडळात बरं पिकलं आणि तुमच्याच शिवारात ढग फिरकला नाही, तर तुम्ही कागदावर पिकलेले. शेतकरी अपघात योजनेत सर्पदंशानेही मृत्यू झाला तर दोन लाख मिळतात, पण सातबाऱ्यावर नाव असलेल्यांच्या घरी. त्याच बांधावर त्याच सापानं चावलेल्या शेतमजुराच्या घराला नाही. पीएम किसानचे वर्षाचे सहा हजारही जमिनीलाच चिकटलेले. आणि निराधार योजनेची उत्पन्नमर्यादा वर्षाला २१,००० रुपये. दिवसाला साधारण साठ रुपये! खरं उत्पन्न लिहिलं तर जवळजवळ कुणीच बसणार नाही, म्हणून दाखल्यावर सगळ्यांचं उत्पन्न वीस-एकवीस हजार असतं. दाखला देणारा, घेणारा आणि तपासणारा तिघांनाही ते माहीत असतं.

दुसरी फट वेळेची. घराला पैसे मंगळवारी हवे असतात. योजना मार्चअखेरीस येते. मधल्या काळात जे विकलं ते विकलं.

बायकांसाठी वेगळा फॉर्म का भरायचा?

कारण घर आणि घरातली बाई यांची असुरक्षितता एक नसते. नवरा गेल्यावर वारसनोंद झाली नाही तर जमीन दिरांच्या वहिवाटीत जाते, पीककर्ज मिळत नाही, नुकसानभरपाई दुसऱ्याच्या खात्यात जमा होते. शेतकरी आत्महत्येनंतरची मदत एक लाख असते: तीस हजार हातात आणि सत्तर हजार ठेवीत. पण प्रकरण आधी "पात्र" ठरावं लागतं, आणि जमीन सासऱ्याच्या नावावर असली की कागदांचा घोळ सुरू होतो. म्हणून बायकांशी बोलताना सासू आणि दीर समोर नसावेत. विहिरीवर किंवा खुरपणीत बोला. तुम्हीही खुरपं घ्या, नुसते उभे राहू नका.

लोक खोटं सांगतात का?

सांगतात. योजनेचे लोक समजून उत्पन्न कमी सांगतात आणि स्थळ घेऊन आलेले समजून जास्त. तुम्ही दोन्हीपैकी कोणी नाही हे पटायला दोन-तीन खेपा लागतात.

लोकांची स्वतःची मोजपट्टीही वेगळी असते. एन. एस. जोधा यांनी राजस्थानातल्या दोन गावांत दोन दशकांच्या अंतराने तुलना केली, तेव्हा आकड्यांत उत्पन्न घटलेली घरं स्वतःला सुधारलेली म्हणत होती. कारण? आता सालगडी राहावं लागत नव्हतं, धान्यासाठी मालकाच्या दारात उभं राहावं लागत नव्हतं. आमच्याकडेही "तुमचं बरं चाललंय का?" याला "कुणाच्या दारात जावं लागत नाही" असंच उत्तर येतं. ते जसंच्या तसं लिहून घ्या.

पाहणी कोणत्या महिन्यात करावी?

दिवाळीनंतर लगेच करू नका. घरात सोयाबीनचे पैसे असतात, उधारी मिटलेली असते, सगळं गाव सुखी दिसतं. मृगापासून श्रावणापर्यंत या. तेव्हा बी-बियाणं, खतं, शाळेची वह्या-पुस्तकं आणि तापाची साथ एकदम आलेली असते आणि कणगीत जुनी ज्वारी तळाला गेलेली असते. शक्य असेल तर त्याच घरी दोनदा जा, एकदा आषाढात आणि एकदा होळीच्या आसपास.

होळीला मात्र बरीच घरं कुलूपबंद मिळतील. अशा घरापुढे "कुटुंब आढळले नाही" असं लिहून यादीतून वगळायची पद्धत आहे. ते करू नका. ती माणसं फडावर आहेत. ओट्यावर एखादी म्हातारी आणि तिच्यापाशी ठेवलेली दोन नातवंडं असतील, त्यांना विचारा. पोरांना कारखान्याचं नाव तोंडपाठ असतं. ते लिहून घ्या, पुढे "कुलूप, ऊसतोड" असा शेरा मारा आणि पाडव्यानंतर परत जा.